ऑटोस्केलिंग लावलं, टीम दुप्पट केली, तरी साइट पडली कशी?

परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय. लिंक्डइनवरून व्हॉट्सॲपवर, तिथून ऑफिसच्या ग्रुपवर, आणि मग सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणीतरी मॅनेजर तो स्वतःचंच मत असल्यासारखा ठणकावून सांगतो. मेसेज थोडक्यात असा: ऑटोस्केलिंग (गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप कमी-जास्त करणं) लावा, ट्रॅफिकचं टेन्शन विसरा, मोनोलिथ (सगळं एकाच मोठ्या ॲपमध्ये) स्केल होत नाही, म्हणजे वाढत्या गर्दीला पुरत नाही, पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस (तेच ॲप छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये तोडलेलं) करा, एसक्यूएल (टेबलवाले डेटाबेस) मोठ्या लोडला टिकत नाही, आणि युजर दुप्पट झाले की टीम दुप्पट करा. पूर्ण खोटं असतं तर सोडून दिलं असतं, पण यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि तीच पंचाईत आहे.

ऑटोस्केलिंगपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जळतो. तुम्ही ज्याला ऑटोस्केलिंग म्हणता ते बहुतेक वेळा फक्त ॲप सर्व्हर वाढवतं, मागचा डेटाबेस आहे तिथेच आहे. पोस्टग्रेस या एसक्यूएल डेटाबेसमध्ये डिफॉल्टला एका वेळी १०० कनेक्शन चालतात. समजा प्रत्येक ॲप इन्स्टन्सचा (म्हणजे ॲपच्या चालू कॉपीचा) पूल, म्हणजे तिने उघडून ठेवलेली कनेक्शन, २० चा आहे. चार इन्स्टन्स म्हणजे ८०, सगळं मस्त चाललंय. सेल सुरू झाला, ऑटोस्केलिंगने चाराचे दहा केले, आता मागणी २०० ची आणि लॉगमध्ये 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी', म्हणजे कनेक्शन संपली, हे धो धो वाहायला लागलं. म्हणजे सर्व्हर वाढले म्हणून साइट पडली! त्यात हेल्थ चेकपण (इन्स्टन्स जिवंत आहे का ही तपासणी) डेटाबेसलाच विचारणारा असेल तर तोही फेल, मग लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारा) धडधाकट इन्स्टन्स बाद करतो, त्यांच्या जागी नवीन उठतात, ते उठल्या उठल्या परत कनेक्शन मागतात, आणि इकडे युजर बिचारा रिफ्रेश रिफ्रेश करून अजून भर घालतोय. मिसळीच्या हॉटेलात वेटर दुप्पट केले आणि कटाचं पातेलं एकच ठेवलं तर काय होणार, तेच. इथे मधे पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारं टूल) बसवणं, पूल छोटा करणं आणि ती एक चार सेकंद खाणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) शोधणं, एवढ्याने बऱ्याचदा काम होतं.

दुसरं म्हणजे नवीन सर्व्हर उठायला वेळ लागतो, गर्दी थांबत नाही. २०१९ च्या वर्ल्डकपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक बघत होते. त्यांच्या इंजिनियर लोकांनी जाहीरपणे सांगितलंय की ते तेव्हा क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगच्या भरवशावर राहत नव्हते, कपॅसिटी आधीच उभी करून ठेवायचे. आणि त्यातली गंमत बघा, धोनी रनआऊट झाला की लोक बॅक दाबतात, व्हिडिओचा लोड धाडकन खाली येतो पण बॅक दाबलेला माणूस होमपेजवर जातो, म्हणजे होमपेजला माहिती पुरवणाऱ्या सर्व्हिसवर (एपीआयवर) एकदम झुंबड. व्हिडिओचा ग्राफ पडला म्हणून सरसकट सर्व्हर कमी केले असते तर कल्याणच झालं असतं. लोड फारच चढला तर रेकमेंडेशनसारख्या नसल्या तरी चालणाऱ्या गोष्टी बंद करायच्या आणि मॅच चालू ठेवायची, हीपण तयारी त्यांनी करून ठेवलेली. हे सगळं सेटिंगमधल्या टिकमार्कने होत नाही हो.

आता मोनोलिथ. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट २०१६ मध्ये जेमतेम नऊ वेब सर्व्हरवर चालत होतं, ऑनलाइन दुकानं चालवणारं शॉपिफाय आजही मुख्यतः एका मोठ्या रेल्स (वेब ॲप बनवायचा फ्रेमवर्क) ॲपवर आहे, आतून मात्र नीट कप्पे पाडलेले. उलट बाजूचा हिशोब कोणी करत नाही: एक रिक्वेस्ट दहा सर्व्हिसमधून जाते आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असते असं धरलं, तर एकूण ९९ टक्के उरतात. महिन्याला पाऊण तास बंद राहणारी साइट सात तास बंद. मायक्रोसर्व्हिसेस उपयोगी नाहीत असं नाही, नेटफ्लिक्सला लागल्याच, पण शेकडो इंजिनियरनी एकमेकांसाठी न थांबता रिलीज करता यावं हा त्यांचा मोठा फायदा आहे. तुमच्या पाच जणांच्या टीमला चौदा सर्व्हिसेस कशाला हव्यात? (प्रेझेंटेशनमध्ये चांगल्या दिसतात, हे मान्य.)

एसक्यूएलबद्दल फार लिहीत नाही. फेसबुक मायएसक्यूएल या एसक्यूएल डेटाबेसवर वाढलं, यूट्यूबने मायएसक्यूएल टिकवायला व्हिटेस नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, इन्स्टाग्रामने पोस्टग्रेस शार्ड केलं, म्हणजे डेटा अनेक भागांत वाटला. आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) चालवून इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) लागतोय का बघा, मग मोंगो या एसक्यूएल नसलेल्या डेटाबेसचं बोलू.

राहिली टीम. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप घ्यायचं जाहीर केलं तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनियर होते तिसेक. प्रॉडक्ट साधं होतं, एकाच वेळी असंख्य कनेक्शन सांभाळणारी एरलँग भाषा होती, सगळ्यांना ते जमणार नाही, पण युजर आणि माणसं एकाच पटीत वाढतात हे गणित तिथेच कोसळतं. सहा जणांत बोलायच्या जोड्या १५ होतात, बारा जणांत ६६. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं टाकली की अजून उशीर होतो हे फ्रेड ब्रूक्स या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय, तरी आपल्याकडे रिलीज घसरली की पहिला फोन बेंचवर (कामाविना रिकामं) कोण आहे विचारायला जातो. मग त्या नवीन सहा जणांचं व्हीपीएन, ॲक्सेस, आणि केटी (कामाची माहिती समजावून देणं). केटी देणार कोण? ज्या एकट्याला तो मोड्यूल कळतो तोच! म्हणजे कोड लिहिणारा एकमेव माणूस दोन आठवडे स्क्रीन शेअर करून बसणार. सर्व्हिस कंपन्यांचं समजू शकतो, तिथे डोकी मोजून बिलिंग असतं, जास्त माणसं हा तोटा नाहीच. स्वतःचं प्रॉडक्ट चालवणाऱ्यांनी हे का उचललं ते काही कळत नाही.

माणसं खरंच लागतात तेही सांगतो. रात्री तीनचा अलर्ट दर वेळी त्याच दोघांच्या फोनवर जात असेल तर घ्या माणसं, उद्याच घ्या. पण त्यांना एक भाग पूर्ण तोडून द्या, त्याचा कोड, त्याचा डेटाबेस, त्याचे अलर्ट, सगळं त्यांचंच. आणि भरती सेलच्या सहा महिने आधी करा, साइट पडल्यावर नाही.