तास पोरांचा घ्यायचा की काकांचा?

मास्तरांच्या शाळेत ‘जबाबदार डिजिटल नागरिक’ असा आठवड्याला एक तास सुरू करायचं घाटतंय. हे ऐकून सुध्या उसळलाच.

“तास कसले घेताय? मोबाइल काढून घ्या. सांगलीतल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद.”

“आणि साडेआठनंतर?” मन्या म्हणाला. “ते पोरांच्या अभ्यासासाठी आहे रे. खोटं ओळखायचं कसं, हे भोंगा नाही शिकवत. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं? १ जुलै २०१८. भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मूळचे मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाइलवरून पसरले होते. लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते फॉरवर्ड काय फक्त शाळकरी पोरांनी केले होते?”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

“त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आली ना,” सुध्या पुटपुटला.

“पाच ग्रुप धर. तेव्हा ग्रुपात २५६ माणसं मावायची. कर गुणाकार.”

मास्तरांनी कन्नूरचा दाखला काढला. केरळातल्या त्या जिल्ह्यात २०१८ मध्ये सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं गेलं. बातमी आली कुठून, पाठवणाऱ्याला ती कुणी पाठवली, हे पोरांनी विचारायचं. मला हे पटतं. पण आपल्याकडे त्याचा दोन मार्कांचा प्रश्न होणार, ‘फॉरवर्ड करण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल?’, आणि पोरं गाइडमधलं उत्तर घोकणार, ही भीती आहेच.

“शाळेत विचारतील हो,” मन्या म्हणाला. “घरी विचारलं की उद्धट ठरतात. सुध्या, तुझ्या पुतणीचं सांग की.”

सुध्या नाइलाजाने बोलला. घरच्या ग्रुपवर थोरल्या भावाने ‘युनेस्कोने जन गण मनला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हे जुनंच पुराण टाकलं. पुतणीने खाली लिहिलं, ‘काका, हे खोटं आहे, युनेस्कोनेच नाकारलंय.’ त्यावर ‘मोठ्यांना अक्कल शिकवू नये’, मग तिघांचे अंगठे, मग पोरगी ग्रुपबाहेर.

“काढलं कुणी?” मास्तर.

“अ‍ॅडमिन मीच आहे,” सुध्या म्हणाला.

“मग आत्ता परत घे तिला.”

“घेतो. दादाला विचारून घेतो.”