बिनविरोध निवड झालीच आहे, तर...

सभेत कुणीतरी म्हणालं, "आता तरुण रक्ताला संधी द्यायला हवी." सगळेजण एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले आणि तुम्ही नेमकी तेव्हाच मान वर केलीत. झालं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, टाळ्याही पडल्या. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि डॉक्टर मंडळींच्या जिल्हा संघटनेचे तुम्ही आता मानद सचिव. मानद म्हणजे काय, हे पहिल्या सभेच्या चहाचे पैसे देताना कळेल. हे पद मी दोन वर्षं भूषवलं आहे, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगते.

आधी संघटनेच्या नावाचं बघा. आपल्या कामाला सरकारी मराठीत 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. मराठी माणसाला हस्तक्षेप दोनच ठाऊक, एक राजकीय आणि दुसरा सासूचा. माझ्या केबिनबाहेरची पाटी वाचून एका आजींनी सरळ विचारलं होतं, "आमच्या घरच्या भानगडीत तुम्ही कशाला पडताय, बाई?" तेव्हा नाव बदलायला हवं, यावर सर्वांचं एकमत होतं. एकमत झालं, की उपसमिती नेमायची. 'शीघ्र', 'त्वरित' की 'प्रारंभिक' यावर आमची उपसमिती चौदा महिने बसली. तेवढ्या काळात मूल मान धरतं, पालथं पडतं, बसतं, रांगतं, धरून उभं राहतं आणि बरीचशी मुलं चालायलाही लागतात. उपसमिती बसण्याच्या टप्प्यापुढे गेली नाही. कुठल्याही मुलाच्या बाबतीत आपण याला काय म्हणतो, ते तुम्हाला माहीत आहे. सभेत म्हणू नका.

पदाधिकारी बदलले, की धर्मादाय कार्यालयात तसा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. आधीच्या सचिवांनी तो दिलेला नसतो, त्यांच्या आधीच्यांनी तर नाहीच नाही. आमच्या अध्यक्ष कागदोपत्री अजून ज्या बाई आहेत, त्या निवृत्त होऊन मुलीकडे कॅनडाला गेल्या. त्यांना दर दिवाळीला शुभेच्छा पाठवत जा, सही लागते.

मग सभासद. मूल एकच असलं तरी ते वाटून घ्यायला आपण पुष्कळ आहोत. पाय फिजिओथेरपिस्टचे, हात ऑक्युपेशनल थेरपिस्टचे (म्हणजे ओटीचे), जीभ आमची स्पीचवाल्यांची, कान ऑडिओलॉजिस्टचे, आणि उरलेलं सगळं विशेष शिक्षकांनी सांभाळायचं. सीमावाद तोंडापाशी पेटतो. मुलाला घास चावता-गिळता येत नसेल, तर ते काम स्पीचचं की ओटीचं? या विषयावर आमच्याकडे दोन सभा झाल्या, एका सभेत तर सभात्याग झाला. त्या काळात त्या मुलांना वरणभात कालवून, मऊ करून, त्यांच्या आज्याच भरवत होत्या. तुम्ही यात मत देऊ नका. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हे वाक्य पाठ करून ठेवा.

कार्यशाळा ठेवलीत, तर पहिला प्रश्न विषयाबद्दल येणार नाही. "पॉइंट किती?" असा येईल. विशेष शिक्षक आणि ऑडिओलॉजिस्ट यांची नोंदणी १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नूतनीकरणाला हे पॉइंट लागतात. फिजिओ आणि ओटी यांची राज्याची परिषद वेगळी, त्यांना तुमच्या पॉइंटांचा उपयोग शून्य. त्यामुळे अर्धं सभागृह प्रमाणपत्रासाठी येतं आणि उरलेलं अर्धं जेवणासाठी. जेवण चांगलं ठेवा. श्रीखंड असेल, तर दुपारच्या सत्रालाही माणसं दिसतात, डोळे मिटलेली का होईना.

भाषणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं घ्याच. पालघरकडची बोर्डी म्हणा, कोसबाड म्हणा. मुलं शाळेकडे येईनात म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, हे सांगताना आवाज थोडा दाटून आला, तर उत्तम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरलाच झाली, हेही जोडून द्या. त्या कार्यक्रमात पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुलं तपासतं आणि शंका आली की जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. मग घड्याळ बघून म्हणा, "तर पालकांना मंगळवारी अकरा वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी यायला सांगा." कुरणातून थेट मंगळवारच्या ओपीडीत आपण कसे आलो, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

अंगणवाडी सेविकांना सभासद करून घ्यायचा मोह होईल. कुठल्या घरातलं मूल अजून बसत नाही, कुठलं हाक मारली तरी बघत नाही, हे त्यांना आपल्या कुठल्याही चाचणीआधी माहीत असतं. पण संघटनेच्या घटनेत पदवीची अट आहे. अट शिथिल करायला विशेष सर्वसाधारण सभा लागते, आणि तिला कोरम भरत नाही.

आणि हो, मागच्या रांगेकडे लक्ष असू द्या. हे मात्र मी उपरोधाने म्हणत नाही.

आमच्या वार्षिक सभेला एका सेविकेने चिठ्ठी देऊन एका आईला पाठवलं होतं. सगळे डॉक्टर एका ठिकाणी भेटतील, असा त्या बिचारीचा समज. दोन एसट्या बदलून ती आली होती, कडेवर अडीचेक वर्षांचा मुलगा. मी सचिव या नात्याने नम्रपणे म्हणाले, "ताई, आज सभा आहे. मंगळवारी या." परतीची गाडी साडेचारला होती, म्हणून ती मागच्या खुर्चीवर बसून राहिली. मुलगा खाली बसून चहाचे रिकामे कागदी पेले उपडे करून एकावर एक चढवत होता. सहा झाले, सात झाले. हात छान स्थिर होता.

स्टेजवर फ्लेक्स होता: श्रवणदोषाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्या महिन्यापर्यंत. मजकूर मीच दिला होता, आणि प्रमुख पाहुणे तोच वाचून दाखवत होते. तेवढ्यात माईक असा काही किंचाळला, की साठ-सत्तर माणसांनी एकदम कानांवर हात ठेवले. पाहुण्यांच्या हातातला कागद पडला. बाहेर दोन कुत्री भुंकायला लागली.

माईकवाला धावला, हशा झाला, सभा पुढे सुरू झाली. आभारप्रदर्शनाच्या वेळी चहावाला पोऱ्या माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, तो बारका माझे पेले देत नाहीये. कितीदा हाका मारल्या, वळूनसुद्धा बघत नाही."

मी मागे पाहिलं, तर खुर्ची रिकामी होती. साडेचार वाजून गेले होते. आठवा पेला तेवढा सरळ होता, बाकी सगळे उपडे. चिठ्ठी मी कुठे ठेवली, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. गावाचं नाव तिच्यावरच होतं.

त्या सभेचं इतिवृत्त आता तुमच्या ताब्यात येईल. विषय क्रमांक सात बघा. 'ध्वनिक्षेपक व्यवस्था निकृष्ट असल्याबद्दल उपस्थितांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. पुढील वर्षी कंत्राटदार बदलण्याचे सर्वानुमते ठरले.' सूचक आहे, अनुमोदक आहे. खाली सही माझी.