घरटं म्हणजे तुमचा स्टुडिओ नाही

सकाळी एक रील समोर आलं. समुद्र गरुडाचं घरटं, वर ड्रोन, आत पिल्लू मान ताणून त्या ड्रोनकडे बघतंय, मागे ढणाढणा म्युझिक. कमेंटमध्ये नुसते हार्ट, 'जबरदस्त भावा', 'लोकेशन प्लीज'. डोकंच फिरलं माझं. कामात लक्ष लागेना म्हणून इथे ओकतेय.

कायद्याने याला शिकार म्हणतात. खरंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६) उघडून बघा, मारणं, पकडणं, फासे लावणं तर आहेच, पण पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्याला नुसता त्रास देणंसुद्धा त्यातच येतं. आणि हा गरुड शेड्यूल एकमधला, वाघाच्या पंगतीतला, म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि दंड कमीत कमी २५ हजार. वाघिणीच्या बछड्यांवर कुणी असा ड्रोन फिरवला असता तर चॅनेलवाल्यांनी दिवसभर दळण दळलं असतं. गरुडाचं कोणाला काय पडलंय!

मामाच्या वाडीत टोकाला जुना रायवळ आंबा आहे. त्यावर यांची एक जोडी असायची. दरवर्षी तेच घरटं, त्यावरच नव्या काटक्या रचायच्या, वाढत वाढत खाटेएवढं झालेलं. खाली समुद्रसापांची हाडं, माशांचे काटे, पानांवर पांढरे फराटे. मामी नाक मुरडायची पण त्या झाडाची फांदी तिने कुणाला तोडू दिली नाही. मग एका नाताळच्या सुट्टीत तीन पोरं आली, मोठ्ठाल्या लेन्स, ड्रोन. मादी अंड्यांवर होती. ड्रोन चढला तशी ती उठली आणि ओरडत घिरट्या घालायला लागली, जरा टेकली की हे परत उडवणार, कारण म्हणे लँडिंगचा शॉट नीट आला नाही. तोवर कावळे शेजारच्या माडावर येऊन बसलेले. मामी खालून ओरडली, "पुरे रे आता, जावा बघू!" तर एकजण हसून म्हणतो, काकू, आम्ही हात पण नाही लावला.

हात नाही लावला!! अंडी उघड्यावर पडली की थंड होतात, पिल्लू असलं तर उन्हात तडफडतं, कावळ्यांना तर आयतंच. दोन अंड्यांतून बऱ्याचदा एकच पिल्लू मोठं होतं, त्यातही तुमची हौस.

हां, फोटोंमुळेच लोकांना पक्षी कळले, मान्य. वनखात्याकडे माणसं कमी आहेत, प्रत्येक झाडाखाली गार्ड उभा करता येणार नाही, तेही मान्य. पण मामा तक्रार द्यायला गेला तेव्हा समोरचे साहेब काय म्हणाले, पक्षी मेला का? नाही ना? मग कसली केस. ज्या कलमासाठी हे साहेब बसलेत ते त्यांनीच वाचलेलं नाही.

आपल्या कायद्यात 'त्रास' शब्द आहे पण किती लांब राहायचं, कुठल्या महिन्यात, यातलं काही नाही. अमेरिकेने त्यांच्या गरुडासाठी १९४० मध्येच वेगळा कायदा केला, २००७ मध्ये त्रास म्हणजे काय तेही लिहून टाकलं, पक्षी घरटं सोडून जायची नुसती शक्यता असली तरी तो त्रासच. सोबत सूचना, की विणीच्या काळात पायी जाणाऱ्यानेसुद्धा घरट्यापासून शंभर मीटर लांब राहावं, विमान-हेलिकॉप्टरने हजार फूट. ब्रिटनमध्ये सोनेरी गरुडाच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा तर आधी लायसन्स लागतं. तिथे सगळे साधू आहेत असं नाही, पण निदान आकडा दाखवून समोरच्याला हटकता येतं. मामीच्या हातात काय होतं? नुसता आवाज.

असा एखादा आकडा आपल्याकडेही लिहा ना. ऑक्टोबर ते मार्च घरट्यापासून इतके मीटर आणि ड्रोन अजिबात नाही, संपला विषय. आणि ज्यांच्या जमिनीत झाड आहे त्यांना चार पैसे द्या, मामासारखे सगळे नसतात, इमारती लाकडाला भाव आला की रायवळ पहिला जातो.

मामा अजून पावसाळा संपला की त्या झाडाकडे चक्कर मारतो. आम्ही कुणी त्याला काही विचारत नाही. ती जोडी त्यानंतर तिथे बसली नाही. दुसरीकडे घरटं केलंय, मामाला माहितीये कुठे, मलाही माहितीये. इनबॉक्समध्ये विचारू नका, ब्लॉक करेन.