थंडीत आवाज हळू चालतो, तरी लांबून ऐकू येतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

ध्वनीच्या वेगावरच्या माझ्या मागच्या लेखावर ग्वाल्हेरच्याच एका ज्येष्ठ वाचकांनी 'जुना लष्करकर' (लष्कर हा ग्वाल्हेरचाच एक भाग) अशी सही करून खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. थंड हवेत ध्वनी हळू चालतो हे माझं विधान त्यांना 'निव्वळ पुस्तकी' वाटलं. त्यांचा मुद्दा असा: पोलाद हवेपेक्षा दाट म्हणून ध्वनी त्यात भरधाव जातो, मग थंडीतली दाट हवाच उलटी का वागेल? दुसरं, शिंदे की छावणी या वस्तीतल्या त्यांच्या गच्चीवर रेल्वेचा भोंगा मे महिन्यात दुपारी येत नाही, जानेवारीत पहाटे मात्र कानाशी वाजल्यासारखा येतो. आणि तिसरं, ग्वाल्हेरच्या तानसेन संगीत समारोहात थंडीने बासरीचा स्वर उतरतो पण तंबोऱ्याचा चढतो, "तुमच्या हिशेबाने दोन्ही उतरायला हवेत की!"

काका, तिन्ही निरीक्षणं सोळा आणे खरी. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

दाटपणाचं आधी उरकतो. ध्वनीला वेग मिळतो तो पदार्थ दाबल्यावर किती ताठपणे उसळून मूळ जागी येतो त्यावरून. वजन उलट त्याचे पाय ओढतं. पोलाद जड आहे खरं, पण त्याचा ताठपणा हवेच्या इतका प्रचंड पुढे आहे की वजनाची मात्रा चालत नाही; ध्वनी त्यात सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त धावतो. शिसं पोलादापेक्षाही जड, पण मऊ, आणि त्यात हा वेग निम्म्याच्याही खाली येतो. उलट हायड्रोजन सगळ्यात हलका वायू, तर त्यात ध्वनी हवेच्या जवळजवळ पावणेचारपट वेगाने जातो. नुसत्या दाटपणावर वेग ठरत असता तर हे दोन्ही उलटं दिसलं असतं. हवा थंड झाली की दाब तोच राहतो, म्हणजे ताठपणा तोच. तेवढ्याच जागेतल्या हवेचं वजन मात्र वाढतं. म्हणून वेग घटतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, पुढे दर अंशामागे साधारण ०.६ मीटरची भर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशाला ३५८ आणि जानेवारीच्या पहाटे ५ अंशाला ३३४. तीन किलोमीटरवरून भोंग्याचा आवाज यायला उन्हाळ्यात सुमारे ८.४ सेकंद लागतील, थंडीत ९. घड्याळ न लावता हा फरक कुणाला कळणार?

आता भोंगा. इथे तुम्ही 'लवकर येणं' आणि 'लांबवर पोचणं' एकाच दावणीला बांधलंत. पहाटेचा तो आवाज लवकर आलेला नसतो, तो तुमच्या गच्चीकडे वळलेला असतो. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा सगळ्यात गरम, वर जावं तशी थंड. म्हणजे ध्वनिलहरीचा खालचा भाग पुढे सरतो, वरचा मागे रेंगाळतो. शाळेच्या कवायतीत आडव्या रांगेचं एक टोक भरभर आणि दुसरं सावकाश चाललं, तर रांग सावकाश टोकाकडे वळते ना, तशीच ही लहर थंड बाजूकडे, म्हणजे आभाळाकडे वळते. थोड्या अंतरानंतर जमिनीवर आवाजाची चक्क सावली पडते. भोंगा वाजतोय, पण तुमच्या डोक्यावरून निघून चाललाय.

निरभ्र थंडीच्या रात्री नेमकं उलटं. जमीन भराभर निवते, तळाची हवा गार, तिच्यावर उबदार थर. लहर खाली वाकते आणि जो आवाज आकाशात गेला असता तो घरांच्या गच्च्यांवर उतरतो. रात्रीच्या शांततेचाही यात वाटा आहेच. (उन्हाळ्यात ग्वाल्हेरातल्या घराघरात कूलर घरघरत असताना भोंगाच काय, दारावरची बेलही ऐकू येत नाही.) पण नुसत्या शांततेवर भागत नाही. पडताळा घ्यायचा तर वारा नसलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी ऐका, मग ऊन चांगलं तापल्यावर दुपारी ऐका. रहदारीचा गोंगाट वजा केला तरी आवाज पातळ झालेला जाणवेल. वारा असेल तर प्रयोगच करू नका. वाराही लहरीला असाच वर-खाली वाकवतो, आणि मग कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

"मग काय शिट्टीची हवा स्टेशनवरून छावणीपर्यंत चालत येते?" हे तुम्ही चिडून विचारलंत, पण प्रश्न चांगला आहे. नाही येत. साध्या बोलण्यात हवेचे कण जागच्या जागी मिलिमीटरच्या जेमतेम लाखाव्या भागाइतके मागेपुढे हलतात. पुढे जातो तो दाब.

राहिला तंबोरा, आणि तुमचा सगळ्यात धारदार मुद्दा हाच. स्वर किती उंच हे कंप पावणारी वस्तू ठरवते. बासरीत ती वस्तू म्हणजे आतला हवेचा स्तंभ. नळीची लांबी तीच, आणि आतल्या हवेतला वेग ३० अंशाला ३४९ होता तो १० अंशाला ३३७ झाला, की स्वर साडेतीन टक्क्यांनी उतरला. कोमल आणि शुद्ध स्वरांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त. म्हणूनच बासरीवाले बैठकीआधी फुंकून बासरी ऊबदार करून घेतात. तंबोऱ्यात कंप पावते ती तार. धातूची तार गारठ्याने आखडते, ताण वाढतो, स्वर चढतो. भोवतालच्या हवेतला वेग तिचा स्वर बदलू शकत नाही. तो कानापर्यंत पोचायला किती वेळ लागेल एवढंच ठरवतो. हार्मोनियमची पितळी पट्टी आपल्या ताठपणावर कंपते, ती या दोघांच्या भांडणात फारशी पडतच नाही. आणि हजीऱ्यात तानसेनाच्या मकबऱ्याशेजारच्या मंडपात डिसेंबरच्या रात्री बासरी, तंबोरा आणि हार्मोनियम एकत्र बसले, तर तबल्याची हातोडी आणि तंबोऱ्याच्या खुंट्या मध्येच का कामाला लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा जवळून पाहिलं असेल.

लेखातलं ते वाक्य मी बदलत नाही. पुढच्या लेखात तुमच्या गच्चीचं उदाहरण घेऊ का, तेवढं कळवा.