हुजूर पक्षाच्या बाकावरचा मुंबईकर

ब्रिटिश पार्लमेंटमधला हिंदी माणूस म्हटलं की आपण दादाभाई नौरोजींचं नाव घेतो आणि तिथेच थांबतो. १८९५ साली दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच दुसरे पारशी गृहस्थ, मंचेरजी भावनगरी, पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या कामगारवस्तीतून १६० मतांनी जिंकले, तेही हुजूर, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून. १९०० मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांचा विषय निघाला की इतिहास वाचणारी माणसंसुद्धा नाक मुरडतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

नाक मुरडायला कारण आहे. स्वराज्याच्या मागणीला त्यांचा विरोध होता, काँग्रेसशी त्यांचं कधी जमलं नाही. विरोधकांनी त्यांच्या आडनावाचं ‘बाव अँड अग्री’ केलं, म्हणजे वाका आणि हो म्हणा. ज्या लॉर्ड सॉल्सबरींनी १८८८ मध्ये दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवलं, तेच या पक्षाचे पुढारी. भावनगरी त्यांच्यामागे जाऊन बसले, हे मला आजही खुपतं.

पण दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर हा माणूस वाकला नाही. ट्रान्सवाल या तिथल्या डच वंशाच्या बोअरांच्या राज्यात १८८५ च्या कायद्याने हिंदी लोकांना जमीन घ्यायला बंदी होती, राहायचं तर नेमून दिलेल्या वस्तीत. बोअर युद्धाआधी इंग्रज मुत्सद्दीच या जाचाबद्दल बोअरांना दोष देत होते. युद्ध जिंकलं, ट्रान्सवाल इंग्रजांचं झालं, आणि तोच कायदा आणखी कडकपणे लागू होऊ लागला. गांधी तिथून माहिती पाठवत, भावनगरी ती सभागृहात मांडत. १९०४ मध्ये त्यांनी वसाहतमंत्री लिटलटन यांना सविस्तर निवेदन दिलं. सरकार कोणाचं? त्यांच्याच पक्षाचं! विरोधी बाकावरून असे प्रश्न विचारणं सोपं असतं. स्वपक्षाच्या मंत्र्याला वर्षानुवर्षं तेच विचारत राहायला वेगळी छाती लागते. काँग्रेसबद्दलची त्यांची मतं मी माफ करत नाही, पण त्यांच्यापायी हे काम पुसून टाकणं मला अन्याय वाटतो.

१९०६ च्या निवडणुकीत ते पडले. खासदारकी गेली, तरी हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गांधी ट्रान्सवालची कैफियत घेऊन लंडनला आले आणि नोव्हेंबरमध्ये वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांच्याकडे शिष्टमंडळ गेलं. त्यात दादाभाई होते, आणि भावनगरीही होते.