एक इंची सोलेनॉइड व्हॉल्व्हवरच्या तुमच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

राम राम भाऊ,

रंगपंचमीसाठी केलेल्या पाण्याच्या फुग्यांच्या तोफेला तुम्ही आमच्याकडचा ठिबकचा एक इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या बटणावर उघडणारा) लावलात आणि एक स्टार देऊन लिहिलंत की टाकीत हवा टिकत नाही, बटण दाबलं की नुसतं फुस्स होतं, 60 पीएसआय भरूनही फुगा दहा पावलांवर पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह डुप्लिकेट आहे. फोटो टाकलात ते बरं केलंत, त्यातून बरंच कळतं.

आधी दाबाचं बोलतो, कारण ते व्हॉल्व्हपेक्षा महत्त्वाचं आहे. तुम्ही टाकी केलेल्या पीव्हीसी पाईपवरची छपाई फोटोत वाचता येते: क्लास 2, म्हणजे 4 किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला 4 किलो दाबाचा) पाईप. 60 पीएसआय म्हणजे 4.2 किलो. शिवाय ते 4 किलो पाण्यासाठी आहेत आणि 27 अंश तापमानाला आहेत. आपल्या जळगावच्या उन्हात तापलेला पाईप त्याहून कमी सोसतो. पाण्याने पाईप फुटला तर चीर पडते आणि दाब तिथेच उतरतो. कोंडलेली हवा तशी थांबत नाही, ती पसरत जाते आणि पीव्हीसीच्या धारदार ठिकऱ्या चहूकडे फेकते. तोफेभोवती पोरं उभी असतात, भाऊ. ती टाकी आजच रिकामी करा आणि तिच्यात पुन्हा हवा भरू नका. त्याऐवजी छोट्या कॉम्प्रेसरची 5-6 लिटरची लोखंडी टाकी घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असलेली, आतून न गंजलेली. पुढची नळी पीव्हीसीची चालेल, तिचं तोंड उघडं असतं. गेज लावा आणि 1 ते दीड किलोच्या वर जाऊ नका. फुगा लांब जात नाही म्हणून दाब वाढवायचा हा उलटा इलाज आहे. फुगा अडतो तो व्हॉल्व्ह सावकाश उघडतो म्हणून.

तो सावकाश का उघडतो? व्हॉल्व्हची वाट बंद करणारा रबरी पडदा म्हणजे डायफ्रॅम. त्याच्या वरच्या खणात एका बारीक छिद्रातून दाब जातो आणि डायफ्रॅम खाली दाबून धरतो. कॉइल, म्हणजे वर बसवलेली विजेची गुंडाळी, फक्त वरच्या खणाची छोटी वाट मोकळी करते. पाणी असेल तर थोडं निसटलं की वरचा दाब लगेच पडतो. हवा दाबलेली असते, ती त्या बारीक वाटेने निघत राहते, तोवर डायफ्रॅम अर्धवट उचललेला राहतो आणि टाकीतली हवा फुग्याला धक्का न देताच बाजूने निघून जाते. हेच तुमचं फुस्स.

त्यात फोटोत 9 व्होल्टची एकच चौकोनी बॅटरी दिसते. कॉइल 24 व्होल्ट एसीची आहे. अशा दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून 18 व्होल्ट करा आणि बटण एका सेकंदाच्या आत सोडा. डीसीवर कॉइलमध्ये फक्त तारेचा रोध उरतो, करंट वाढतो, दाबून धरलं तर ती जळते. मल्टिमीटरवर 20 ते 60 ओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल ठीक. घरातली 230 व्होल्टची लाईन ओल्या अंगणात आणूच नका.

खरा उपाय कॉइल काढून हवेची ब्लो गन (खटका दाबला की हवा सोडणारी पिस्तूल) लावण्याचा, म्हणजे वरच्या खणातली हवा मोठ्या वाटेने झटकन निघते. झाकणाचे स्क्रू काढा, स्प्रिंग आणि डायफ्रॅम बाजूला ठेवा. कॉइलखालची दोन्ही छिद्रं इपॉक्सीने बुजवा, 24 तास सुकू द्या. झाकणाच्या मधोमध 11.8 मिमी ड्रिल मारून पाव इंची बीएसपी (पाईप फिटिंगचे) आटे पाडा आणि ब्लो गनचं निपल बसवा. निपल आत जास्त घुसलं तर डायफ्रॅम वर उचलायला जागा उरत नाही, ही चूक फार होते. डायफ्रॅममधलं बारीक छिद्र मात्र बुजवू नका, नाहीतर व्हॉल्व्ह बंदच होणार नाही. झाकणाला ड्रिल मारल्यावर वॉरंटी राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हवा न टिकण्याचं कारणही फोटोत आहे. बाण बरोबर नळीकडे आहे, पण पाईपच्या कापलेल्या तोंडाला करवतीचा पांढरा चुरा तसाच चिकटलाय. त्याचा एक कण डायफ्रॅमखालच्या सीटवर, म्हणजे डायफ्रॅम टेकतो त्या कडेवर, बसला की हवा झिरपत राहते. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, आतून पुसा, झाकण उघडून सीट धुवा. पाईप चिकटवायच्या सॉल्व्हंटचा थेंब सीटवर ओघळला असेल तर रबर खराब होतं, मग नवा डायफ्रॅमच लागतो. कॉइल पाव फेरा सैल असली तरी व्हॉल्व्ह उघडा राहतो, तीही हाताने घट्ट करून बघा. हवा झपकन भरू नका, वरच्या खणात दाब पोचायच्या आत खालून डायफ्रॅम उचलला जातो. आट्यांना टेफ्लॉनचे 3-4 वेढे पुरेत. गळती नक्की कुठे आहे ते साबणाच्या पाण्याने कळेल.

फुगा नळीतच फुटत असेल तर मागे स्पंजची चकती ठेवा आणि नळी आतून ओली करा.

झाकणाला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह दुकानात घेऊन या. काउंटरवर पाण्याच्या 2 किलो दाबावर तुमच्यासमोर लावून बघू. गळला किंवा उघडला नाही तर लगेच दुसरा देऊ, बिल नसलं तरी. सुटा डायफ्रॅमही इथेच मिळेल.