इंजिन चालू असतानाही विमान स्टॉल होतं

‘लहान विमान टेकऑफनंतर लगेच का कोसळतं’ असा एक मेसेज सध्या पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोसाट्याच्या वाऱ्यात इंजिन बंद पडतं, यालाच स्टॉल म्हणतात, पायलटने नाक वर खेचलं असतं, किंवा मागे वळून धावपट्टी गाठली असती, तर सगळे वाचले असते, मोठ्या विमानांना हा धोका नसतो, आणि वाऱ्यापुढे कुणाचा इलाज चालत नाही. धुळ्याला, गोंदियाला फ्लाइंग शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील हे वाचतायत. यातला नाक खेचण्याचा सल्ला सरळ जिवावर बेतणारा आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी इंजिनाचं. स्टॉल पंखाचा होतो. पंख आणि त्यावर येणारी हवा यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम घटते. त्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालू असू शकतं. टेकऑफनंतरच्या बहुतेक स्टॉलमध्ये काळजी वाढते ती त्यामुळेच: वेग कमी, ताकद पूर्ण, अशा वेळी एक इंजिनाचं विमान डावीकडे ओढ घेतं. उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू फिरवणारं पायाचं पॅडल) पुरेसा दाबला नसेल तर एक पंख आधी पडतो आणि विमान गिरकी घेऊ लागतं. तीनशे-चारशे फुटांवर गिरकीतून बाहेर यायला उंचीच उरलेली नसते.

मग वारा काय करतो? समोरचा वारा टेकऑफला हवाच असतो. घात होतो तो झोत अचानक ओसरल्यावर. सेस्ना १७२ हे शिकवण्याचं छोटं विमान सत्तर नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) चढतंय, समोरून पंचवीस नॉटचा वारा आहे असं धरा. वारा क्षणात दहावर आला, तर जडत्वामुळे विमानाचा जमिनीवरचा वेग लगेच बदलत नाही, पण पंखावरच्या हवेचा वेग पंचावन्नवर येतो. सरळ उडताना फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) न उघडता हे विमान साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे अजून थोडी जागा आहे. पण त्याच वेळी उंची न सोडता ४५ अंश कलून वळत असाल, तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढून सत्तावन्नच्या आसपास जातो. पंचावन्न आणि सत्तावन्न. विमान स्टॉल झालेलं असतं, आणि इंजिनात काडीचाही बिघाड नसतो.

‘नाक वर खेचायला हवं होतं.’ अजिबात नाही. विमान खाली बसतंय असं वाटलं की हात आपोआप मागे ओढतो, आणि त्याने तो कोन आणखी वाढतो. योक, म्हणजे नाक वर-खाली करणारा हातातला दांडा, पुढे द्यायचा, कोन कमी करायचा, मग पंख सरळ करायचे. समोर इमारती दिसत असताना नाक खाली करायला मन धजत नाही, म्हणूनच उंचावर हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जातं. सेस्नाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. उड्डाणाआधी विद्यार्थी त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतो आणि केबिनमधला भोंगा वाजतो का ते ऐकतो. तो भोंगा स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधी बोलतो. त्याचा अर्थ एकच: खेचणं थांबव.

मागे वळण्याचं गणित वर आलंच. इंजिन खरोखर गेलं तरी कमी उंचीवर वळायचं नसतं, समोर जी जागा मिळेल तिथे उतरायचं असतं. जुहूहून समुद्राकडे टेकऑफ केला तर ती जागा पाणी असू शकते, तरीही. त्यातच वळून वारा पाठीशी आला की जमीन भराभर मागे जाताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो, आणि पायलट नकळत नाक उचलतो. अशा वेळी नजर एअरस्पीडच्या, म्हणजे हवेतला वेग दाखवणाऱ्या काट्यावर हवी.

मेसेजमध्ये घाटकोपरला पडलेल्या विमानाचा दाखला आहे. २८ जून २०१८ चं ते विमान चाचणीसाठी जुहूहून निघालं होतं आणि परत येताना पडलं. तो टेकऑफनंतरचा अपघात नव्हता.

मोठ्या विमानांबद्दल एकच उदाहरण पुरे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं फ्लाइट ४४७ हे मोठं प्रवासी विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. विमान साधारण ३८,००० फुटांवर स्टॉल झालं, इंजिनं चालू होती, आणि खाली येताना बहुतेक वेळ नाक वरच धरलेलं होतं.

राहिला वाऱ्यापुढे इलाज नसण्याचा मुद्दा. विमानतळाच्या हवामान अहवालात झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, डोळ्यांसमोर फडफडत असतो. झोत असतील तर चाकं थोडा जास्त वेळ जमिनीवर ठेवून चार-पाच नॉट जादा घेऊन उचलायचं, नाक जरा खाली ठेवून चढायचं, पहिलं वळण उशिरा आणि कमी कलून घ्यायचं. आकडा आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर विमान हँगरमध्येच ठेवायचं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरायचे असतात, एकेका तासाला हजारो रुपये पडतात, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. त्या दडपणाखाली नवखी पोरं ‘नको’ म्हणायला कचरतात. तेव्हा मुलीने किंवा मुलाने फोनवर ‘आज वाऱ्यामुळे उडालो नाही’ असं सांगितलं, तर ‘मग तास कधी भरणार?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका.